दोन कॉलेजं, एक कर्ज: भोकरदनच्या घरांतले काही गैरसमज

भोकरदन तालुक्यात दोन मोठे खर्च एकाच सुमारास दारात येतात. पावसाच्या तोंडावर कापसाचं, मक्याचं बियाणं आणि खतं घ्यायची असतात. बारावीनंतरच्या सीईटीचे निकाल लागून कॉलेजांचे प्रवेशही तेव्हाच सुरू होतात. कापसाचा पैसा हातात येणार दिवाळीच्या आगेमागे. मिरची लवकर लावलेली असेल तर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून थोडी रोकड मिळते, पण तिथला भाव आजचा उद्या राहत नाही. अशा वेळी घरात दोन कॉलेजांची नावं घोळत असतात. एक छत्रपती संभाजीनगरचं किंवा जालन्याचं, सरकारी किंवा कमी फीचं. दुसरं पुण्याचं, खासगी, कर्ज काढल्याशिवाय न परवडणारं. निर्णयाला चार-आठ दिवस मिळतात आणि तो बहुधा ऐकीव गोष्टींवर होतो. त्या ऐकीव गोष्टींपैकी काही अर्धवट खऱ्या आहेत, काही साफ चुकीच्या.

“शिकत असताना व्याज लागत नाही”

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच, म्हणून त्यावर जरा थांबू. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात पहिली फी बँकेतून कॉलेजच्या खात्यात गेली, त्या दिवसापासून व्याज चालू होतं. या काळात ते सरळव्याजाने मोजतात आणि हप्ते ठरवताना मुदलात मिळवतात.

समजा, पुण्याच्या कॉलेजसाठी दर वर्षी २ लाख असं चार वर्षांत ८ लाखांचं कर्ज घेतलं आणि दर १० टक्के आहे. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर पाच वर्षांचं व्याज चढतं, म्हणजे १ लाख. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ८० हजार, तिसऱ्यावर ६० हजार, चौथ्यावर ४० हजार. मुलगा पदवी घेऊन वर्षभराने पहिला हप्ता भरायला जातो, तेव्हा त्याच्या नावावर ८ नव्हे, १० लाख ८० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १४,२७० रुपये, एकूण १७ लाखांच्या वर. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ११,६०० पर्यंत खाली येतो, पण एकूण भरणा जवळजवळ २१ लाखांवर जातो. हप्ता कमी झाला म्हणून कर्ज हलकं झालं असं समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत.

आता जवळच्या कॉलेजसाठी दर वर्षी ६० हजार, चार वर्षांत २ लाख ४० हजार घेतले असं धरू. त्याच हिशोबाने हप्ते सुरू होताना ते ३ लाख २४ हजार होतात आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ४,२८० रुपये येतो. माझ्या मते पहिल्या नोकरीत हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा असू नये, कारण नव्या शहरातलं खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे त्याच पगारातून निघायचे असतात. हे माप लावलं तर पहिल्या कर्जासाठी सुरुवातीलाच हातात ५७ हजार हवेत, दुसऱ्यासाठी १७ हजार. दोन कॉलेजांची तुलना खरं तर इथून सुरू व्हायला हवी.

शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर ओझं बरंच कमी होतं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७ रुपये, दुसऱ्या वर्षी ३,३३३, असं ते वाढत जातं. तेवढं भरलं तर पुढे मुद्दल ८ लाखच राहतं आणि एकूण दीड लाखाहून अधिक वाचतात. असं भरणाऱ्याला व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूदही आदर्श योजनेत आहे. ती आपल्या शाखेत मिळते का, हे सही करण्याआधी विचारावं.

या गैरसमजात एक खरा धागा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत हप्ता नसलेल्या, सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. २००९ पासूनची ही योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना लागू आहे आणि कर्जमर्यादा १० लाख आहे. पण संस्थेला नॅकचं किंवा त्या अभ्यासक्रमाला एनबीएचं मूल्यांकन असावं लागतं, आणि कर्ज आदर्श योजनेतून शेड्यूल्ड बँकेनेच दिलेलं हवं. फायनान्स कंपनीकडून घेतलेल्या कर्जावर हा लाभ नाही. मुलाने मधेच शिक्षण सोडलं तर तो थांबतो. म्हणजे दोनपैकी एका कॉलेजला मूल्यांकन नसेल, तर फी सारखी असूनही ते कॉलेज महाग पडतं.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेचंही असंच आहे. तीत विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती; मंजुरीच्या वेळी त्या ८६० होत्या. कॉलेज त्या यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी बघायला हवं.

“कर्ज म्हटलं की सातबारा गहाण”

साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या हमी निधीचं संरक्षण आहे. त्या योजनेतून दिलेल्या कर्जासाठी बँकेने जमीन किंवा त्रयस्थ जामीनदार मागायचा नसतो. आई किंवा वडील सहकर्जदार मात्र असतात, त्यामुळे मुलाने हप्ते थकवले तर नोटीस त्यांनाही येते. रक्कम त्यापुढे गेली की साधारणपणे तारण मागतात. म्हणून ८ लाख आणि साडेसात लाख यांत फरक फक्त ५० हजारांचा नाही. वरचे ५० हजार घरातून उभे करता आले तर शेत त्यातून बाहेर राहतं.

“शेतकऱ्याचं माफ झालं, हेही होईल”

नाही. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, दोन्ही शेतीच्या कर्जासाठी होत्या. शैक्षणिक कर्ज त्यांत बसत नव्हतं. ते थकलं तर मुलाच्याच नावावर थकबाकी दिसते, आणि वयाच्या पंचविशीत क्रेडिट अहवाल बिघडला की पुढचं घराचं, दुकानाचं, ट्रॅक्टरचं कर्जही अडतं.

“बापाची सोसायटी थकली, पोराला कोण देणार?”

ही भीती निराधार नाही, हे आधी मान्य करायला हवं. शाखेत वडिलांचा सिबिल स्कोअर बघतात आणि पीककर्जाची थकबाकी असली की मान हलते. पण तेवढ्याने विषय संपत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की पालकांचा स्कोअर खराब आहे या कारणावरून मुलाचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. विद्यार्थ्याची शिक्षणानंतरची फेडण्याची क्षमता बघायला हवी. तो निकाल आपल्या राज्यातल्या शाखेला थेट बांधील नसला, तरी अर्जासोबत त्याचा उल्लेख जरूर करावा. आईच्या नावावर थकबाकी नसेल तर तिला सहकर्जदार करता येईल का, ते विचारावं. आणि नकार तोंडी घेऊन घरी येऊ नये. आदर्श योजनेनुसार नकाराला वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती आणि कारण लागतं. ते लेखी मागितलं की अनेकदा अर्ज पुन्हा उघडला जातो.

“मुलीचं शिक्षण आता फुकट”

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. फार मोठी गोष्ट आहे ही. भोकरदनसारख्या तालुक्यात मुलीला बारावीनंतर घरी बसवण्याचं एक कारण त्यामुळे गेलं. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश, अभिमत विद्यापीठ, खासगी विद्यापीठ यांना ही माफी नाही. कॉलेजच्या नावापुढे ‘युनिव्हर्सिटी’ असलं की गावात त्याचं वजन वाढतं, आणि नेमकी तिथेच सवलत तुटते. वसतिगृह, मेस, लॅपटॉप यांचा खर्च माफीत येत नाही.

मुलांच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे: “खुल्या वर्गाला काही नाही.” राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातल्या मुलालाही कॅपमधून प्रवेश घेतला तर निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज वेळेत हवा. राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे, अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कर्जाचा अर्ज भरण्याआधी हे सगळं वजा करावं. सवलत मिळणार असताना पूर्ण फीचं कर्ज काढणं म्हणजे नको त्या रकमेवर पाच वर्षं व्याज भरणं.

“फी कमी ते कॉलेज स्वस्त”

फी हा खर्चाचा एकच भाग. सरकारी कॉलेज असलं तरी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर खोली आणि मेसचा खर्च फीच्या कितीतरी पट होतो. तालुक्यातून जालन्याला किंवा संभाजीनगरला एसटीने रोज ये-जा केली तर पैसे वाचतात, पण दिवसाचे तीन-चार तास जातात, आणि पहिल्याच वर्षी विषय राहिले तर एक वर्ष वाया जाण्याची किंमत कुठल्याही फीपेक्षा मोठी आहे. कमी फीच्या कॉलेजात प्रयोगशाळा बंद आणि शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतील, तर ते कॉलेज स्वस्त म्हणता येणार नाही. एकदा प्रत्यक्ष जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावं.

जवळचं म्हणजे कमी दर्जाचं, हेही खरं नाही. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचं आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा, मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यातच आहे. जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ मध्ये सुरू झालं. पुण्याच्या जाहिरातीकडे बघताना ही नावं यादीतून गळू नयेत.

“त्या कॉलेजात बारा लाखांचं पॅकेज मिळतं”

मिळत असेल, एखाद्याला. फलकावर सर्वांत मोठा आकडा लावतात. आपल्याला हवा तो मधला आकडा: नोकरी लागलेल्या सगळ्यांचे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना तो जाहीर करावा लागतो. किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, मधला पगार किती, हे त्यांच्या संकेतस्थळावर असतं. त्या पगाराला बारा महिन्यांनी भागा, त्यातून कापलं जाणारं वजा करा आणि मग शेजारी कर्जाचा हप्ता लिहा. कॉलेज ही माहिती देत नसेल, तर तेवढ्या एका गोष्टीवरून त्याला पसंतीक्रमात खाली ढकलायला मी कचरणार नाही.

शेवटची अडचण वेळेची. जागा मिळाल्यावर फी भरायला थोडेच दिवस असतात आणि बँकेची मंजुरी त्यात बसत नाही. मग सावकाराकडून शेकडा ३ रुपयांनी पैसे येतात. ते महिन्याचे ३ आहेत, वर्षाचे ३६. बँकेत निकालाआधीच जाऊन कागदपत्रं तपासून घेतली तर ही वेळ टळू शकते. आणि घाईत पहिल्या कॉलेजात पैसे भरले म्हणून तिथेच अडकलो, असंही नाही. ठरलेल्या अंतिम तारखेआधी प्रवेश रद्द केला तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी आणि मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.