विश्लेषण : गॅसचा ‘तो’ वास नेमका कशाचा?

बटण फिरवले की शेगडी पेटते आणि चहाचे आधण चढते. सिलिंडरकडे लक्ष जाते ते गॅस संपल्यावर किंवा वास आल्यावरच. पण एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त रसायन मिसळतात. कुजक्या कोबीसारखा तो वास त्याचा.

हे शहाणपण महागात पडून आले. अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडनच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी नैसर्गिक वायूची गळती कोणालाच कळली नाही, कारण वायूला वासच नव्हता. स्फोटात सुमारे ३०० जणांचा बळी गेला, त्यात बहुतेक मुले. त्यानंतर तेथे वायूत गंधद्रव्य मिसळण्याची सक्ती झाली.

वास आला की आपला हात सवयीने दिव्याच्या किंवा एक्झॉस्ट पंख्याच्या बटणाकडे जातो. नेमके तेच टाळायचे. बटणातली ठिणगीही पुरते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडा. रेग्युलेटर बंद करून बाहेर या आणि मगच १९०६ या मदत क्रमांकावर फोन करा. सर्दीने नाक चोंदले असेल तर मात्र या वासाचा काही उपयोग नाही.