वास्तू आणि वस्तू : मणिभवनाचे संग्रहालय

‘म्यूझियम’ या शब्दासाठी मराठीत ‘वस्तुसंग्रहालय’ हा प्रतिशब्द रूढ झाला. या समासात वस्तू प्रथम येते आणि आलय शेवटी. बहुतेक संग्रहालयांच्या इतिहासाचा क्रमही असाच असतो. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे त्याचे परिचित उदाहरण होय. कोटातील एका बराकीत १८५७ साली मांडलेला संग्रह आधी अस्तित्वात आला. त्याच्यासाठी मुद्दाम बांधलेली इमारत १८७२ साली लोकांना खुली झाली. गावदेवीतील मणिभवनाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. येथे घर आधी होते, संग्रहालय मागाहून झाले. आणि तेथील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ती वास्तूच होय. ‘वस्तु’ व ‘वास्तु’ हे दोन्ही शब्द संस्कृत कोशकार ‘वस्’, म्हणजे राहणे, या धातूशी जोडतात. मणिभवनाच्या बाबतीत ही व्युत्पत्ती विशेष अन्वर्थक ठरते. कारण तेथे जे जतन केले आहे ते मुख्यतः एका माणसाचे राहणे आहे.

लॅबर्नम रोडवरील हे दुमजली घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या मालकीचे होते. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले म्हणजे बहुधा येथेच उतरत. म्हणजे ते या घराचे धनी नव्हते, पाहुणे होते. तथापि पाहुण्याच्या खोलीतून जे राजकारण चालले, त्याने घराचे रूप पालटले. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात ७ एप्रिल १९१९ रोजी ‘सत्याग्रही’ हे बिननोंदणीचे पत्रक, मुद्रणविषयक कायदा जाणूनबुजून मोडून, येथून प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर १९२१ मध्ये युवराजांच्या आगमनप्रसंगी शहरात दंगे उसळले, तेव्हा शांततेसाठी गांधीजींनी १९ तारखेपासून येथे उपवास केला. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतल्यावर ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना अटक झाली, ती याच घराच्या गच्चीवरील तंबूत.

घराचे संग्रहालयात रूपांतर होण्याचा टप्पा १९५५ सालचा. त्या वर्षी गांधी स्मारक निधीने ही वास्तू स्मारकासाठी घेतली. आज तळमजल्यावर ग्रंथालय आहे. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली, गादी आणि चरखे यांसह, राखून ठेवली आहे. आणि त्यांच्या चरित्रातील प्रसंग लहान बाहुल्यांच्या दृश्यांतून मांडलेले आहेत.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. राहणे ही क्रिया आहे आणि खोली ही स्थिर वस्तू. क्रियेतील किती अंश वस्तूत उतरतो? आजारपणात आपल्या खोलीत चरख्याची गुणगुण सुरू झाली आणि प्रकृती सुधारण्यात तिचाही वाटा होता, असे गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पेळूंसाठी कापूस पिंजून हवा होता, तेव्हा झवेरींच्या घरावरून रोज जाणाऱ्या, गाद्यांचा कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याला बोलावण्यात आले. त्याने मजुरीही भारी मागितली. चरखा आज खोलीत आहे. त्याची गुणगुण नाही, आणि तो पिंजारीही नाही. रस्त्याशी असलेला घराचा हा व्यवहार मांडणीत दिसत नाही, तो लेखी साधनांतूनच कळतो.

याहून महत्त्वाचा प्रसंग १४ ऑगस्ट १९३१ चा आहे. त्या दिवशी डॉ. आंबेडकर मणिभवनात आले; गांधीजी व ते यांची ही पहिली भेट. अस्पृश्यांना आपली म्हणावी अशी मायभूमीच नाही, हा आंबेडकरांचा मुद्दा होता. हिंदू समाजापासून त्यांना राजकीयदृष्ट्या वेगळे करण्यास गांधीजींचा विरोध होता. मतैक्य झाले नाही. याच वादाची पुढील परिणती सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात झाली. आंबेडकर तेव्हा राहत होते परळच्या बी. आय. टी. चाळीत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेली ही चाळ. आणि गावदेवीच्या वस्तीची नवी आखणीही याच ट्रस्टची. एकाच संस्थेने घडविलेल्या शहराच्या दोन टोकांवरून हे दोन पुरुष त्या दुपारी समोरासमोर आले होते.

व्यक्तीच्या स्मरणार्थ राखलेल्या घराला देवघर होण्याचा धोका नेहमीच असतो. देवघरात मूर्ती एक असते आणि संवाद एकतर्फी. पण मणिभवन हे वस्तुतः वादाचे घर होते : येथे कायद्याशी वाद झाला, दंगलखोर स्वजनांशी झाला, आणि ज्यांचा प्रश्न आपण जाणतो असे गांधीजींना वाटत होते त्यांच्या प्रतिनिधीशीही झाला. यजमानाचे औदार्य, पाहुण्याचे तप आणि अभ्यागताचा नकार, हे तिन्ही त्या वास्तूच्या इतिहासाचे घटक होत. यांपैकी पहिले दोन मांडणीत सहज सामावतात. तिसऱ्याला गादी नाही, चरखा नाही.

म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने मणिभवनाची खोली एकाकी वाचणे पुरेसे नाही. परळची चाळ, आंबेडकरांचे कार्यालय असलेला दामोदर हॉल आणि त्यांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेले ‘राजगृह’ या वास्तू तिच्या शेजारी ठेवावयास हव्यात. तसे केले म्हणजे गावदेवीतील त्या खोलीत १९३१ च्या ऑगस्टमध्ये दोघेजण बोलत होते, ही गोष्ट नजरेआड होणार नाही.