झाडं मोजली, माती राहिली

दिल्लीत एक झाड तोडलं की बदल्यात दहा रोपं लावायची, असा नियम आहे. 2024 च्या फेब्रुवारीत सतबरी भागातल्या रिजवर, म्हणजे अरवलीच्या टेकड्यांवरच्या जंगलात, रस्ता रुंद करायला सुमारे 1,100 झाडं तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाची परवानगी नव्हती. पुढच्या वर्षी न्यायालयाने दिल्ली विकास प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं. चर्चा झाली ती झाडांच्या आकड्याची. मुळांलगतच्या वीतभर मातीत कोण राहत होतं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही.

हा प्रश्न अमेरिकेतल्या ॲपलाशियन डोंगरांत मात्र हिरिरीने विचारला गेला. तिथले सॅलमँडर म्हणजे बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद. त्यांतल्या बहुतेकांना फुप्फुसंच नसतात. श्वास मुख्यतः कातडीतून, आणि तीही ओली असेल तरच. त्यामुळे दिवस काढायचा तो पाचोळ्याखाली नाहीतर कुजक्या ओंडक्याखाली. जंगल सरसकट तोडलं की ऊन थेट जमिनीवर येतं, पाचोळा वाळतो आणि नवा पडत नाही. 1993 मध्ये जेम्स पेट्रांका आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला : पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात अशा तोडीपायी वर्षाला जवळपास 1.4 कोटी सॅलमँडर नाहीसे होतात आणि संख्या पूर्वपदावर यायला 50 ते 70 वर्षं लागतात. यावर बराच वाद झाला. प्राणी मेले की खोल मातीत गेले? काहींच्या मते 20-25 वर्षं पुरतात. तोडीनंतर संख्या घटते, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे.

सॅलमँडर आपल्याकडे पूर्व हिमालय आणि ईशान्येतच, तेही मोजके. मातीतल्या ओलीवर तितकाच विसंबून असलेला आपला बिनपायांचा उभयचर म्हणजे देवगांडूळ. सह्याद्रीतही तो आहे. साप समजून हकनाक मारला जातो. दिल्ली विद्यापीठातल्या एस. डी. बिजू यांच्या गटाने ईशान्य भारतात पाच वर्षं, सुमारे 250 ठिकाणी माती खणली आणि 2012 मध्ये देवगांडुळांचं एक अख्खं नवं कुळ जाहीर केलं : चिकिलिडी. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोन-तीन महिने बसते. पिल्लू डिंभावस्था गाळून थेट छोटं देवगांडूळ होऊनच बाहेर येतं. म्हणजे डबकं नसलं तरी चालेल, माती सुकून चालणार नाही.

रिजची गोष्ट निराळी. झाडी काटेरी, बरीचशी वेडी बाभूळ, उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर. ॲपलाशियनचे आकडे इथे चिकटवणं चूकच. दिल्लीच्या परिसरात स्फेरोथेका नावाचा गुबगुबीत बेडूक आहे. त्याच्या मागच्या पायांवर फावड्याच्या पात्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरत, उलटा सरकत तो स्वतःला गाडून घेतो. वर्षाचा बराच काळ जमिनीत, पावसाळ्यात वर येऊन डबक्यात अंडी. त्याला सावलीपेक्षा भुसभुशीत माती हवी. जेसीबी आणि रोलर फिरून दबलेल्या जमिनीत ते फावडं चालत नाही, आणि रस्त्यासाठी उतार बदलला की पाणी साचायचं थांबतं. बदल्यातली दहा रोपं दुसरीकडे कितीही जोमाने वाढली, तरी याचं डबकं त्यात कुठेच नसतं.