फाल्कनरचं कासव

सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून आपण गाभाऱ्याकडे वळतो. त्याच कासवावरून एका वाचकाने विचारलंय: कूर्माची कथा खऱ्याखुऱ्या महाकाय कासवावरून सुचली असेल का?

हा प्रश्न आजचा नाही. १८४४ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे ह्यू फाल्कनरने तो मांडला होता. हा गृहस्थ पेशाने डॉक्टर, सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख. जोडीदार प्रोबी कॉटली, म्हणजे पुढे गंगेचा कालवा काढणारा इंजिनिअर. फिरोजशहा तुघलकाच्या कालव्याच्या खोदाईत ‘राक्षसांची हाडं’ निघाली होती, अशी नोंद फरिश्त्याच्या फारसी इतिहासात आहे. फाल्कनरला तीही खूण पुरेशी होती. (इतिहासाचं पुस्तक वाचून हाडं शोधणारा माणूस मला तरी फार आवडतो!) दोघांनी शिवालिकच्या टेकड्या पालथ्या घातल्या आणि हत्ती, पाणघोडे, जिराफांसोबत एक अवाढव्य जमिनीवरचं कासवही उजेडात आणलं. नाव ठेवलं ‘कोलोसोकेलिस ॲटलास’. ॲटलास म्हणजे आभाळ खांद्यावर पेलणारा ग्रीक. बारशातच पुराण शिरलं. आज या प्रजातीला ‘मेगॅलोकेलिस’ म्हणतात.

इथे फाल्कनर वाहवला. हाती होते तुकडे. त्यांवरून त्याने पाठीची लांबी बारा फुटांवर नेली. गरुडाने पंजांत उचललेले गज-कच्छप आठवून त्याला वाटलं, हत्तीशी झुंजायला कासव असंच हवं, आणि ते माणसाने जिवंत पाहिलंही असेल. पुढे १९२० च्या दशकात बार्नम ब्राऊनने, टायरॅनोसॉरस शोधणाऱ्या त्याच माणसाने, शिवालिकातून जवळजवळ पूर्ण पाठ न्यूयॉर्कला नेली. ती भरली जेमतेम दोन मीटर. तरी गालापागोसच्या कासवांपेक्षा मोठीच!

राहिली कथा. ही कासवं शिवालिकातून गेली तेव्हा आपली मानवजात जन्मायची होती. जीवाश्म पाहून कुणाला गोष्ट सुचली असेल, असं म्हणायलाही पुरावा नाही. आणि घुमटासारख्या पाठीवरून कूर्माची कथा सुचायला महाकाय कासव कशाला, तळ्यातलंही चालतं. त्यामुळे ‘पुराणातलं विज्ञान’वाल्यांनी फाल्कनरला साक्षीला बोलावू नये.

मात्र हिमाचलात गेलात तर सिरमौर जिल्ह्यातलं साकेतीचं जीवाश्म उद्यान चुकवू नका. शिवालिकच्या इतर जनावरांसोबत तिथे या कासवाचाही पुतळा उभा आहे.