सँडर बदलताना...

आजोबांच्या काळातील सागवानी टेबल घासून नव्याने पॉलिश करायचे, असे बरीच वर्षे मनात होते. गेल्या उन्हाळ्यात अखेर ते काम हाती घेतले. निम्मे टेबल झाले असेल नसेल, तोच दहा-बारा वर्षे सोबत केलेला सँडर घरघरला आणि बंद पडला. खरा धक्का पुढेच होता. घासून झालेल्या भागावर पॉलिशचा पहिला हात फिरताच, डुकराच्या शेपटीसारखे वळणदार असे शेकडो बारीक ओरखडे दिसू लागले. कोऱ्या लाकडावर ते नजरेस आले नव्हते. कारागिराने यंत्र उघडले तेव्हा बेअरिंग आणि स्विच या दोहोंत पिठासारखी धूळ ठासून भरलेली होती. यंत्राने स्वतःच निर्माण केलेल्या धुळीने त्याचा जीव घेतला होता. नवे यंत्र घेताना काय पाहावे, याचा धडा मला तेथेच मिळाला.

यंत्र चालते कसे?

लाकूड घासणारी हातयंत्रे अनेक प्रकारची आहेत. केवळ गोल फिरणारी चकती वेगाने लाकूड खाते. पण वर्तुळाकार चरे मागे ठेवते. चौकोनी पॅड असलेले यंत्र नुसते थरथरते. ते सौम्य असले तरी फार सावकाश काम करते. रँडम ऑर्बिटल सँडरमध्ये या दोन्ही गतींचा मेळ घातलेला असतो. त्याच्या मोटरच्या दांड्याचे टोक मध्यापासून किंचित बाजूला असते आणि त्यावर बेअरिंगच्या आधारे गोल पॅड मोकळा बसवलेला असतो. त्यामुळे पॅड छोट्या कक्षेत भिरभिरतो आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही सावकाश फिरतो. कागदावरील कोणताही कण एकाच वाटेने पुन्हा जात नाही, म्हणून चरे एकमेकांत मिसळून पृष्ठभाग एकसारखा दिसतो.

यंत्रावर भार दिला, की पॅडचे स्वतःभोवती फिरणे थांबते आणि उरते ते केवळ भिरभिरणे. शेपटीसारखे ओरखडे उमटण्याचे हे एक प्रमुख कारण. पॅडच्या कडेवर पेनने एक रेघ मारावी. काम चालू असताना ती रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली, तर हाताचा जोर कमी करावा. यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. सेकंदाला साधारण एक इंच या गतीने ते सरकवत न्यावे.

आधी दुरुस्ती, मग खरेदी

बंद पडलेला प्रत्येक सँडर टाकाऊ नसतो. यंत्र अडखळत चालत असेल, ठिणग्या जास्त दिसत असतील, तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते स्वस्त असतात आणि सहज बदलता येतात. घासकागद पॅडवर टिकत नसेल, तर उष्णतेने पॅडवरील वेल्क्रोचे आकडे वितळलेले असतात. तेथे नवा पॅड पुरतो. यंत्र हवेत उचलताच पॅड मोटरच्या वेगाने गरगरू लागला, तर पॅडला आवर घालणारी रबरी कडी, म्हणजेच पॅड ब्रेक, झिजलेला असतो. असा वेगाने फिरणारा पॅड लाकडावर टेकताच खोल चरा पाडतो. माझ्या टेबलाला भोवले ते हेच. हे तिन्ही दोष किरकोळ आहेत. बेअरिंग आणि आर्मेचर दोन्ही गेले असतील, तर मात्र दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीजवळ पोहोचतो आणि यंत्र बदलणेच शहाणपणाचे ठरते.

आकार आणि कक्षा

बाजारात मुख्यतः 125 आणि 150 मिलिमीटर व्यासाचे पॅड मिळतात. फरक थोडा वाटतो. पण क्षेत्रफळ अनुक्रमे सुमारे 123 आणि 177 चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे मोठा पॅड जवळजवळ 44 टक्के अधिक जागा व्यापतो. मोठी टेबले आणि दारे वारंवार करणाऱ्यास तो सोयीचा. खुर्च्या, खणांच्या दर्शनी पट्ट्या, छोटी कपाटे अशा घरगुती कामाला 125 मिलिमीटरचे यंत्र हाताला हलके पडते आणि त्याचे कागदही सहज मिळतात.

दुसरा आकडा कक्षेचा. याकडे ग्राहकाचे क्वचितच लक्ष जाते. बहुतेक 125 मिलिमीटरच्या यंत्रांत कक्षेचा व्यास 2 ते 3 मिलिमीटर असतो. जुना रंग खरवडण्यासाठी केलेल्या यंत्रांत तो 5 मिलिमीटर असतो. 2.5 मिलिमीटर कक्षेचे यंत्र मिनिटाला 12,000 वेळा भिरभिरले, तर कागदाचा वेग सेकंदाला सुमारे 1.6 मीटर होतो. 5 मिलिमीटर कक्षेच्या यंत्रात 10,000 फेऱ्यांनाच तो 2.6 मीटरवर जातो. काम झपाट्याने उरकते, पण ओरखडेही ठळक उठतात. प्लायवूडवरील व्हिनिअरची जाडी बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, हे विसरू नये. तेथे लहान कक्षाच हवी. काही कंपन्या व्यास छापतात, तर काही त्याच्या निम्मे असलेले अंतर. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत ना, हे पाहावे. वेग कमी-जास्त करण्याची चकती तर असलीच पाहिजे.

प्रश्न फुप्फुसांचा

यंत्राची शक्ती किती वॅट, हा प्रश्न सगळेच विचारतात. धूळ कोठे जाते, हे फार थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात केला. त्यात नाकाच्या पोकळीतील कर्करोगाचा धोका विशेष आहे. रंध्याचा भुसा जमिनीवर पडतो. सँडरची धूळ तासन्‌तास हवेत तरंगते आणि फ्लॅटच्या बंद खोलीत ती घरातल्या मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्याही श्वासात जाते.

म्हणून यंत्राच्या मागचे धूळ सोडणारे तोंड आपल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला बसते का, याची खात्री दुकानातच करावी. नळीचे माप जुळले नाही, तर जोडतुकडा मिळतो का, तेही विचारावे. यंत्रासोबतची छोटी पेटी किंवा पिशवी जाड धूळ पकडते. सर्वांत बारीक आणि सर्वांत घातक धूळ तिच्यातून निसटते. कागदाची भोके पॅडच्या भोकांवर नेमकी बसली पाहिजेत, नाही तर धूळ ओढली जाणार नाही. जाळीचा घासकागद वापरल्यास ही अडचण बरीच कमी होते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. आयएस 9473 या मानकानुसारचा एफएफपी2 मास्क वापरावा. घरी येणाऱ्या सुतारालाही तो आपणच द्यावा. आपण एक टेबल घासतो, तो आयुष्यभर घासतो.

कंपनाचेही तसेच. माहितीपत्रकात कंपनाचा आकडा दिलेला असतो. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी सेकंदवर्गाला 2.5 मीटर या पातळीपासून उपाय योजणे बंधनकारक आहे आणि 5 मीटर ही कमाल मर्यादा आहे. दोन यंत्रांत निवड करताना कमी आकड्याचे घ्यावे.

वीज, बॅटरी आणि सुटे भाग

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेतील यंत्रे 120 व्होल्टची असतात. आपल्या 230 व्होल्टवर ती जळतात. बॅटरीवरील सँडर शिडीवर किंवा गच्चीत उपयोगी. पण हे यंत्र सतत चालवावे लागत असल्याने बॅटरी लवकर उतरते. घरात वायरचेच बरे. ब्रशविरहित मोटरची यंत्रे बुटकी, हलकी आणि टिकाऊ असतात. मात्र त्यांची किंमत साध्या यंत्राच्या कित्येक पट असते. महिन्यातून एखादा रविवार काम करणाऱ्याला ती परवडण्याजोगी नव्हेत.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत गेल्यावर विक्रेत्याला किमतीआधी तीन प्रश्न विचारावेत : या मॉडेलचा पॅड सुटा मिळतो का, पॅड ब्रेकची कडी मिळते का आणि कार्बन ब्रश दुकानात आहेत का? उत्तर नकारार्थी असेल, तर स्वस्त यंत्रही महागच पडेल. यंत्र हातात घेऊन चालवूनही पाहावे. पकड मुठीत नीट बसली पाहिजे.

मी अखेर 125 मिलिमीटरचे, लहान कक्षेचे, वायरवरील साधे यंत्र घेतले आणि वाचलेले पैसे व्हॅक्यूमची नळी व चांगल्या कागदांवर खर्च केले. 80, मग 120, मग 180 क्रमांकाचा कागद. मधली पायरी न गाळता. टेबल पुन्हा घासावे लागले, पण या वेळी पॉलिशखाली सागाचे रेषे तेवढे दिसले. खोलीतील पंख्याच्या पात्यांवर नेहमीचा पिवळसर थरही या वेळी नव्हता.