लाकडाचा ऋतुधर्म आणि शाळेतील सुतारमेज

पंचवटीतील जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना एक अनुभव परिचयाचा आहे. चैत्र-वैशाखात सहज लागणारे सागवानी दार आषाढ-श्रावणात चौकटीत अडकते आणि दिवाळीनंतर पुन्हा सैल होते. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव ढिली झाली, की शेतकरी चाक पाण्यात भिजवून ठेवतो. या दोन्हींमागील नियम एकच आहे. शाळेच्या कार्यशाळेसाठी सुतारकामाचे मेज करवून घेताना मात्र त्याचा विसर पडतो. मग पहिल्याच उन्हाळ्यात मेजाचा तक्ता तडकतो आणि दोष लाकडाला दिला जातो.

हवेतील बाष्प शोषून घेणे व परत सोडणे हा लाकडाचा धर्म आहे. झाड तोडून कितीही वर्षे लोटली, तरी तो सुटत नाही. नाशिकची हवा उन्हाळ्यातील दुपारी अत्यंत कोरडी, तर पावसाळ्यात दमट असते. त्यानुसार लाकूड आकसते वा फुगते. लांबीत हा फरक नगण्य असतो. रुंदीत तो स्पष्ट जाणवतो. सागवान तुलनेने स्थिर असूनही, त्यातील ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडल्यास ६० सेंटिमीटर रुंदीचा तक्ता सुमारे ६ ते ७ मिलिमीटरपर्यंत कमी-अधिक होऊ शकतो. खिळे ठोकून ही हालचाल थांबत नाही. तक्ता सर्व बाजूंनी जखडला, तर तो फाटतो किंवा वाकतो.

यास्तव हालचालीला वाट ठेवणे हाच उपाय होय. तक्त्याच्या फळ्या मेजाच्या लांबीच्या दिशेने एकमेकींना सरसाने जोडाव्यात; खालच्या आडव्या पट्ट्यांना मात्र सरस लावू नये. जेथे शेगडा बसवावयाचा, ती पुढील कड पक्की करावी. मागील बाजूस पट्ट्यांत लांबट भोके पाडून त्यांतून वॉशरसह स्क्रू बसवावेत, म्हणजे सारी हालचाल मागे होईल. मेज उन्हाळ्यात केले असल्यास स्क्रू भोकाच्या पुढील टोकाशी ठेवावा, कारण पुढे तक्ता फुगणार आहे. पावसाळ्यात केले असल्यास मागील टोकाशी ठेवावा.

लाकूड चांगले वाळलेले असावे आणि काम सुरू करण्यापूर्वी काही आठवडे त्याच खोलीत ठेवावे. तेल वा वॉर्निश तक्त्याच्या दोन्ही अंगांस सारखेच द्यावे. एकच अंग रंगविल्यास तक्ता वाकण्याचा संभव असतो.

सार्वजनिक पैशातून घेतलेले मेज ताब्यात घेताना केवळ वरचा गुळगुळीतपणा पाहून समाधान मानू नये. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी खाली वाकून लांबट भोके आहेत की नाहीत, एवढे अवश्य पाहावे. ती असतील, तर त्या मेजावर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या रंधा चालविणे शिकू शकतील.