नवजात बालक व करोनाची बाधा

व्यालेल्या गाईचा पहिला चीक वासरास न मिळाल्यास ते हगवणीने दगावण्याची भीती असते, हे आमचे शेतकरी बंधू जाणतातच. या हगवणीच्या कारणांत करोनाच्या कुळातील एक विषाणूही असतो. मात्र तो कोविडचा नव्हे.

सन २०२० च्या साथीत बाळंतीण बाधित निघाल्यास मूल दूर ठेवून अंगावरचे दूध तोडावे, असा समज कित्येक घरांत होता. आईच्या उदरात मुलास बाधा होते काय? त्याच वर्षी पुण्याच्या ससून रुग्णालयात तसे एक उदाहरण आढळले. आईस प्रसूतीपूर्वी ताप येऊन गेला होता. मुलीच्या नाकातील स्राव, नाळ व वार यांत विषाणू सापडला. दुखणे कठीण होते, तरी उपचारांनी मुलगी बरी झाली. अशी उदाहरणे विरळा. बहुतेक बालकांस बाधा जन्मानंतर जवळच्या माणसांपासून होते, व ती बहुधा सौम्य असते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितले की, आईने मुखपट्टी बांधून, हात साबणाने धुऊन मुलास पाजीत जावे. खोकला-पडसे असणाऱ्याने बारशास जाऊ नये.

मूल दूध ओढीनासे झाले, अंग तापले वा गार पडले, श्वास मिनिटास ६० वा अधिक झाले, तर अंगारेधुपारे करीत न बसता जवळचे आरोग्य केंद्र अथवा सोलापूरचे सरकारी रुग्णालय गाठावे. वासराचा चीक न चुकविणाऱ्यांनी पोटच्या मुलास तो नाकारू नये, इतकेच आमचे सांगणे आहे.